बाबूराव शेडमाके

भद्रावतीच्या दक्षिणेस चंद्रपूर. तेथून गोंडपिपरी मागे टाकून आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली, की साग, बीजा, मोह आणि बांबू यांचे दाट अरण्य लागते. याच अरण्यात अहेरीच्या बाजूला मोलमपल्ली नावाची जमीनदारी होती. तेथील गोंड जमीनदार पुल्लेसुरबापू शेडमाके यांच्या घरी 1833 साली बाबूरावांचा जन्म झाला. आज हा मुलूख 1982 साली स्वतंत्र झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात मोडतो; त्या काळी तो चांदा जिल्ह्यात होता. चांदा हेच आजच्या चंद्रपूरचे जुने नाव होय.

बाबूराव वीस वर्षांचे असताना नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले. त्यांना पुत्र नव्हता, हे निमित्त करून इंग्रजांनी ते राज्य खालसा केले आणि त्यासोबत चांदाही त्यांच्या हाती गेला. ज्या रानावर आपल्या वाडवडिलांची सत्ता चालत आली, तेथे परक्यांचा हुकूम चालावा, हे तरुण बाबूरावांच्या मनाला सहन झाले नाही. 1857 साली उत्तर हिंदुस्थानात उठाव झाला, तेव्हा त्यांनीही सुमारे पाचशे तरुण जमवून आपली सेना उभारली. तीत गोंडांबरोबर रोहिलेही होते. 1858 च्या मार्चमध्ये त्यांनी राजगड परगण्यावर चाल केली. अडपल्ली व घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांनी फौज धाडली. नांदगाव-घोसरीजवळ 13 मार्च रोजी झालेल्या लढाईत तिला माघार घ्यावी लागली.

मुलांनो, शिबिराला जाताना तुम्ही तंबू, सतरंजी, कंदील असे सामान नेता. ज्याला शत्रूपासून लपून रानात राहावयाचे आहे, त्याला यातले काहीच चालत नाही. सारेजण एकाच जागी उतरले, तर एका घेरावात सापडतात. म्हणून पाचदहा जणांनी वेगवेगळ्या ठिकाणी विखरून राहावे लागते. पाण्यावाचून मुक्काम नाही. पण अगदी पाणवठ्यावर उतरले, तर वाघाची भीती आणि शत्रूच्या हेरांचीही. दिवसा धूर दिसतो आणि रात्री जाळ, तेव्हा चूलही जपून पेटवावी लागते. त्यातून ते दिवस चैत्राचे. पानगळीने रान उघडे पडलेले, नाले आटलेले आणि वाळल्या पाल्यावर पाऊल पडले, की दूरवर आवाज जातो. मात्र याच दिवसांत मोहाची फुले गळतात, चारोळी आणि टेंभरे पिकू लागतात. रान ज्याला ओळखीचे, तो उपाशी मरत नाही. बाबूरावांची माणसे याच रानात वाढलेली होती. इंग्रजांच्या शिपायांना ते परके होते.

त्याच रानात इंग्रजांचाही एक तळ पडला होता. प्राणहितेच्या काठी चुंचगोंडी येथे तारखात्याचे लोक तंबू ठोकून राहिले होते. 29 एप्रिलच्या रात्री बाबूराव व व्यंकटराव यांच्या माणसांनी या तळावर छापा घातला. गार्टलंड व हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. पीटर नावाचा तिसरा निसटला. ते दोघे लढणारे शिपाई नव्हते, तार ओढणारे नोकर होते. बाबूरावांचे शौर्य सांगताना ही गोष्ट झाकून ठेवणे मला बरे वाटत नाही. परंतु तारेने बातमी आणि बातमीमागून फौज येते, हेही खरेच होते.

अरण्यात बाबूरावांना गाठणे क्रिक्टन यांना साधेना. तेव्हा त्यांनी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणले. त्यांची माणसेही याच मातीतली. पाऊलवाटा, पाणवठे, डोंगरकपारी सारे त्यांना ठाऊक होते. परक्या फौजेला जे जमले नाही, ते त्यांनी केले. सप्टेंबरात बाबूराव पकडले गेले व चांद्यास आणले गेले. लक्ष्मीबाईंना पुढे अडपल्ली व घोटचा मुलूख बक्षीस मिळाला. व्यंकटराव बस्तरात निसटले. पण 1860 साली तेथील राजाने त्यांना इंग्रजांच्या हवाली केले आणि त्यांना जन्मठेप झाली.

चांद्यास बाबूरावांवर खटला चालला. 21 ऑक्टोबर 1858 रोजी त्यांना फाशी देण्यात आली. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. चंद्रपूरच्या तुरुंगाच्या आवारात एक पिंपळ आहे. दरवर्षी त्या तारखेला दूरदूरच्या पाड्यांवरून गोंड बांधव तेथे येतात आणि त्या पिंपळाजवळ बाबूरावांना वंदन करतात.