रविवर्मांचा छापखाना

केरळमधील किळिमानूर येथे २९ एप्रिल १८४८ रोजी राजा रविवर्मा यांचा जन्म झाला. त्यांचे चित्रकलेचे अंग मामांनी लहानपणीच ओळखले आणि त्यांना त्रिवेंद्रमच्या राजदरबारात नेले. तैलरंगांचे तंत्र मात्र त्यांना कोणी हाती धरून शिकवले नाही. दरबारात आलेल्या थिओडोर जेन्सन या चित्रकाराचे काम त्यांनी पाहिले आणि पुढचे सारे स्वतःच्या प्रयोगांतून साधले.

तैलरंग सावकाश वाळतो. त्यामुळे एक छटा दुसरीत हळुवार मिसळता येते, वाळलेल्या थरावर पातळ, पारदर्शक थर चढवता येतो. गालावरची लाली, हनुवटीखालची सावली, दागिन्याची मानेवर पडलेली पिवळसर झाक रविवर्मांच्या कुंचल्याने अशीच जिवंत केली. १८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांचा गौरव झाला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी त्यांनी चौदा पौराणिक चित्रे रंगवली.

परंतु ही चित्रे राजवाड्यांतच राहत. त्रावणकोर व बडोदा संस्थानांचे दिवाणपद भूषवलेले टी. माधवराव यांनी चित्रांच्या छापील प्रती काढण्याचे सुचवले होते. १८९४ साली रविवर्मांनी मुंबईत स्वतःचा छापखाना सुरू केला. त्यासाठी जर्मनीहून यंत्रे व तंत्रज्ञ आणवले.

शिळाछपाईत कुंचल्याची मोकळीक नव्हती. प्रत्येक रंगाला स्वतंत्र शिळा लागे. चेहऱ्यात पिवळा किती, गुलाबी किती, तपकिरी किती, हे कारागिराने केवळ नजरेने ठरवायचे आणि त्या त्या शिळेवर चित्र उलटे उतरवायचे. छटा उजळ वा गडद होई ती बारीक ठिपक्यांच्या दाटी-विरळीने. एकच कागद प्रत्येक शिळेसाठी पुन्हा यंत्रात घालावा लागे. तो केसभर सरकला तरी ओठांची कड दुहेरी दिसे. साडीच्या लाल रंगात थोडा फरक पडला तर खपून जातो. चेहऱ्याचा रंग जरासा बिघडला की देवीच आजारी वाटू लागते! अखेरीस वार्निशाचा हात फिरवून कागदाला तैलचित्राची चकाकी दिली जाई. तरीही मूळ त्वचेतील मार्दव प्रतींत पुरते उतरले नाही, हे मान्य करावे लागते.

लोकांनी मात्र या लक्ष्मी-सरस्वतींना आपलेसे केले. ज्यांना देवळाची पायरी चढण्याची मनाई होती, त्यांच्याही भिंतीवर देवी आली.

व्यवहाराचे गणित मात्र जमले नाही. मुंबईत प्लेग आला, कर्ज वाढत गेले. छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवण्यात आला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी रविवर्मांनी तो तेथील जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायखर यांना विकून टाकला. आपल्याच चित्रांच्या छपाईवर आता त्यांची नजर उरली नाही. १९०५ साली सावलीसारखा सोबत राहिलेला चित्रकार भाऊ राजा राजा वर्मा वारला. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९०६ रोजी, किळिमानूरला रविवर्मांचे निधन झाले. छापखाना त्यानंतरही अनेक वर्षे चालला. १९७२ साली तो आगीत सापडला.