अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल : एका तारेतून अनेक संदेश

दौंडच्या वाचकांस लोहमार्गाची ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. १८७८ साली मनमाडचा फाटा सुरू झाला आणि आपले गाव जंक्शन झाले. त्या काळी गाड्यांच्या येण्याजाण्याची वर्दी रुळांच्या कडेच्या खांबांवरून जाणाऱ्या तारांनीच एका स्थानकाहून दुसऱ्या स्थानकास पोहोचे. आता देशभर तेच काम जमिनीत पुरलेल्या काचेच्या तंतूंकडे आले आहे. केसाएवढ्या एका तंतूतून सहस्रावधी लोकांची बोलणी एकाच वेळी जातात, तरी ती एकमेकांत मिसळत कशी नाहीत, असा प्रश्न आमच्या वर्गात एका विद्यार्थ्याने विचारला. त्याचे उत्तर देऊ लागलो तेव्हा आम्हांस एका थोर पुरुषाच्या चरित्रापासूनच आरंभ करावा लागला.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. वडील उच्चारशास्त्राचे नामांकित शिक्षक होते. ओठ, जीभ व कंठ ह्यांच्या स्थिती दर्शविणारी एक चिन्हलिपी त्यांनी रचिली होती. मातोश्रींस फारच थोडे ऐकू येई. लहानगा अलेक मातेच्या कपाळाशी तोंड नेऊन खोल आवाजात बोले, आणि ते तिला समजे. ध्वनी म्हणजे कंप, हा धडा त्याला पुस्तकाआधी घरातच मिळाला. पुढे दोन्ही भाऊ क्षयाने गेले. उरलेल्या एकुलत्या एका पुत्रास तरी जगवावे म्हणून १८७० साली आईबाप त्यास घेऊन कॅनडात गेले.

पुढील वर्षी बेल बॉस्टन येथे बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवू लागले. दिवसा शिकवावे आणि रात्री प्रयोग करावेत, असा त्यांचा क्रम असे. प्रयोगाचा विषय टेलिफोन नव्हता, हे पुष्कळांस ठाऊक नसते. त्या वेळी तारायंत्राच्या कंपन्यांस एकच चिंता होती : संदेश वाढत चालले, आणि प्रत्येक नवीन तारेस खांब व मजूर ह्यांचा खर्च येई. असलेल्याच तारेतून अधिक संदेश जे कोणी पाठवील, त्याचे भाग्य उघडणार होते. १८७४ साली एडिसन ह्यांनी एका तारेतून चार संदेश नेण्याची युक्ती काढिली. बेल ह्यांस त्याहून अधिक हवे होते.

त्यांची कल्पना संगीतातली होती. आपल्याकडे सतारीस तरफेच्या तारा असतात. वरच्या तारेवर एखादा स्वर वाजला की खालच्यांपैकी त्याच स्वरात मिळविलेली तार आपोआप झंकारते. बाकीच्या स्तब्ध राहतात. बेल ह्यांनी पोलादाच्या पट्ट्या निरनिराळ्या स्वरांत जुळविल्या. प्रत्येक पट्टी आपल्या कंपाच्या गतीने विजेचा प्रवाह तोडी व जोडी. हे सर्व कंप एकाच तारेतून एकत्र जावेत आणि पलीकडे त्याच स्वराच्या पट्टीने आपापला तेवढा ओळखून उचलावा, म्हणजे जितके स्वर तितके संदेश. युक्ती खरी होती, परंतु पट्ट्या स्वराला पक्क्या राहीनात, आणि एकीचे काम दुसरी करू लागे.

२ जून १८७५ रोजी एक पट्टी अडकली. वॉटसन नावाच्या सहायकाने ती बोटाने छेडली, आणि दुसऱ्या खोलीत बेल ह्यांच्या कानाशी असलेल्या पट्टीतून तो झंकार जशाच्या तसा उमटला. जी तार नुसते टक्‌टक् नेई, ती ध्वनीचे सारे चढउतारही नेऊ शकते, हे बेल ह्यांनी तत्काळ ताडले. मात्र प्रयोगांस पैसा पुरविणारे गार्डिनर हबर्ड ह्यांस हे रुचले नाही. टेलिफोनचा नाद सोडून बहुसंदेशी तारायंत्र आधी पुरे करा, असा त्यांचा आग्रह होता. हबर्ड ह्यांची कन्या मेबल ही बेल ह्यांची विद्यार्थिनी. लहानपणी तापाने तिची श्रवणशक्ती गेली होती, आणि तिच्यावर बेल ह्यांचे मन जडले होते. भावी सासऱ्यास दुखविणे म्हणजे काय, हे पालकांस सांगावयास नको. बेल ह्यांनी ते दुखविले, आणि नाद सोडला नाही. ७ मार्च १८७६ रोजी त्यांस पेटंट मिळाले, आणि तिसऱ्याच दिवशी यंत्रातून समजेल असे बोलणे ऐकू आले. एलिशा ग्रे नावाच्या दुसऱ्या संशोधकाने त्याच दिवशी अर्ज केला होता, ज्या दिवशी बेल ह्यांचा अर्ज दाखल झाला. त्यावरून पुढे पुष्कळ तंटे झाले, परंतु न्यायालयांत बेल ह्यांचाच हक्क टिकला. १८७७ च्या जुलैत मेबलशी विवाह झाला, आणि कंपनीतील दहा भाग स्वतःस ठेवून बाकीचे सर्व त्यांनी पत्नीस दिले. १८८२ साली मुंबईत टेलिफोनचे एक्स्चेंज उघडले.

लौकिक मिळाल्यावर पुष्कळ माणसे स्वस्थ बसतात. बेल ह्यांनी १८८० साली तारच टाकून दिली. पातळ आरशामागे बोलले असता आरसा थरथरतो व त्यावरून परावर्तित झालेले ऊन कमीअधिक होते. ते ऊन दूरच्या सेलेनियमवर पाडले की विजेचा प्रवाहही तसाच कमीअधिक होऊन टेलिफोनमधून शब्द उमटतात. वॉशिंग्टन शहरात एका शाळेच्या छपरावरून सुमारे २१३ मीटर अंतरावरील प्रयोगशाळेत उन्हाच्या किरणावरून शब्द गेले. ह्या फोटोफोनचा त्यांस एवढा हर्ष झाला की, नुकत्याच जन्मलेल्या दुसऱ्या कन्येस तेच नाव ठेवावे असे त्यांच्या मनात आले. मेबलने ते चालू दिले नाही, हे त्या मुलीचे सुदैव ! टेलिफोनहूनही हा शोध मोठा, असे बेल मरेपर्यंत मानीत. पण ढग आला, धुके पडले की बोलणे बंद. प्रकाशास जावयास नळी नव्हती.

ती नळी मिळावयास नव्वद वर्षे लागली. १९६६ साली चार्ल्स काओ ह्यांनी शुद्ध काचेच्या तंतूतून प्रकाश दूर नेता येईल असे दाखविले, आणि १९७० साली अमेरिकेत तसा तंतू निघाला. आज चांगल्या तंतूतून प्रकाश पंधरा किलोमीटर गेला तरी निम्मा उरतो. मग बेल ह्यांची जुनी युक्तीही परत आली. पोलादी पट्ट्यांच्या जागी निरनिराळ्या तरंगलांबीचे लेसर आले. डोळ्यांस न दिसणारे, परंतु एक प्रकारचे रंगच म्हणावेत असे चाळीस किंवा ऐंशी किरण एका तंतूत एकत्र सोडितात. शेजारच्या दोन किरणांच्या तरंगलांबीत मिलिमीटरच्या दशलक्षांशाहूनही कमी अंतर असते. पलीकडच्या टोकास गाळण्या त्यांस पुन्हा वेगळे करितात, आणि प्रत्येक किरण आपला संदेश सुखरूप उतरवितो. ह्यास वेव्हलेंग्थ डिव्हिजन मल्टिप्लेक्सिंग म्हणतात. १९८७ च्या सुमारास एर्बियम मिसळलेला असा तंतू निघाला, की जो वाटेत मंदावलेले हे सर्व किरण एकदम सतेज करी. तेव्हा कोठे ही रीत व्यवहारात आली. नवीन तंतू न पुरता जुन्याच तंतूची शक्ती अनेक पटींनी वाढते. १८७४ साली कंपन्यांस हवे होते ते हेच.

चरित्र लिहिताना दोष झाकणे आम्हांस योग्य वाटत नाही. बहिऱ्यांची सेवा हेच आपले खरे काम, असे बेल समजत. हेलन केलर ह्या अंध व बधिर बालिकेस शिक्षणाचा मार्ग त्यांनीच दाखविला, आणि तिने आपले आत्मचरित्र त्यांस अर्पण केले. परंतु बहिऱ्यांनी ओठांवरूनच समजावे व तोंडानेच बोलावे, असा त्यांचा हट्ट होता. शाळांत हातांची खुणांची भाषा नको, बहिऱ्यांनी आपसांत विवाहही करू नयेत, असे ते म्हणत. त्या मताच्या जोरावर कित्येक पिढ्यांच्या मुलांची स्वतःची भाषा शाळेतून हद्दपार झाली, आणि आजही पुष्कळ बधिर लोक बेल ह्यांचे नाव दुःखाने घेतात. एका तारेत अनेक स्वरांस जागा करून देऊ पाहणाऱ्या माणसास वर्गात दुसऱ्या भाषेस जागा का देता आली नाही, हे आम्हांस उमगत नाही. त्यांच्या पत्नी ओठ वाचून व बोलून आपले निभावीत. कदाचित घरातील ह्या अनुभवाने त्यांस इतर घरांविषयी आंधळे केले असावे.

२ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात ते निवर्तले. दफनाच्या वेळी उत्तर अमेरिकेतील टेलिफोन एक मिनिट बंद ठेविले होते. मेबल पुढच्याच जानेवारीत गेल्या, आणि त्यांस त्याच टेकडीवर पतीशेजारी विसावा मिळाला.