मैदानांचा धनी : जॉन बॅटरसन स्टेट्सन (१८३०–१९०६)

मराठेशाहीच्या कागदपत्रांत युरोपीय लोकांचा उल्लेख टोपीकर असा येतो. माणसाचा देश, दर्जा आणि धंदा त्याच्या डोक्यावरून ओळखण्याचा तो काळ होता. पुणेरी पगडी कोणती आणि शिंदेशाही कोणती, हे लांबूनच कळत असे. परंतु एखाद्या शिरोवस्त्राला ते घडविणाऱ्या कारागिराचेच नाव पडावे आणि ते नाव पुढे शब्दकोशात सामान्यनाम होऊन बसावे, हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला आले. अमेरिकेच्या पश्चिम भागातील गुराख्यांच्या रुंद काठाच्या फेल्ट हॅटला स्टेट्सन म्हणतात. इंग्रजी चित्रपटांमुळे ही हॅट आपल्या परिचयाची आहे. तिच्यामागचा माणूस मात्र तितकासा परिचित नाही.

जॉन बॅटरसन स्टेट्सन यांचा जन्म ५ मे १८३० रोजी न्यू जर्सी राज्यातील ऑरेंज या गावी झाला. वडील स्टीफन स्टेट्सन हॅट बनविण्याच्या धंद्यात होते. कुटुंब मोठे होते. शाळेचे शिक्षण जॉनच्या वाट्याला बेताचेच आले; त्याची खरी शाळा म्हणजे वडिलांचा कारखाना. केसाळ कातडे पारखणे, त्यावरील राठ केस वेगळे करून आतली मऊ लव काढणे, ती पिंजणे, गरम पाण्यात मळणे आणि लाकडी साच्यावर चढविणे हे सारे तो लहानपणीच शिकला.

या धंद्याचे मर्म थोडक्यात समजून घेतले पाहिजे. फेल्ट हे कापड नव्हे. त्यात सूत नाही, ताणा नाही, बाणा नाही. आपल्याकडे लोकर दाबून बुरणूस करतात, काश्मीरकडे नमदे करतात, त्याच जातीची ही वस्तू. मात्र हॅटसाठी मेंढीच्या लोकरीपेक्षा बीव्हर, ससा यांसारख्या प्राण्यांची लव श्रेष्ठ मानली जाते. लवेच्या प्रत्येक तंतूवर अतिसूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओल आणि दाब मिळाला की हे खवले एकमेकांत असे अडकतात की पुन्हा सुटत नाहीत. आरंभी शंकूच्या आकाराची मोठी, सैल पिशवी तयार होते. ती आटत आटत घट्ट होते आणि मग साच्यावर चढते. बीव्हरची लव यात सर्वोत्तम, आणि म्हणून सर्वांत महाग.

परंतु या मऊ वस्तूला एक क्रूर बाजू होती. लव लवकर आटावी म्हणून कातड्यावर पाऱ्याच्या नायट्रेटचा हात फिरवीत. पुढे गरम पाण्याच्या वाफेबरोबर पारा कारागिरांच्या शरीरात जाई. हात थरथरू लागत, हिरड्या सुजत, दात हलत, स्वभाव चिडखोर आणि भित्रा होई. ऑरेंजमधील हॅट कारागिरांच्या या व्याधीचे वर्णन तेथील एका डॉक्टरने १८६० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात केले होते. त्यात धूळ, ओल आणि कोंदट जागा यांची भर. जॉन स्टेट्सन यांना तरुणपणीच क्षयाने ग्रासले. क्षय म्हणजे त्या काळी मृत्यूची आगाऊ सूचनाच. डॉक्टरांनी आयुष्य थोडे उरल्याचे सांगितले, तेव्हा मरण्यापूर्वी पश्चिमेचा मोकळा मुलूख पाहावा, या हेतूने त्यांनी घर आणि धंदा सोडला.

ते मिसूरी राज्यातील सेंट जोसेफ येथे पोहोचले आणि एका वीटभट्टीवर कामाला लागले. कामातील हुशारीमुळे ते लवकरच त्या व्यवसायात भागीदार झाले. परंतु मिसूरी नदीला पूर आला आणि कच्च्या विटांचा सारा माल चिखल होऊन वाहून गेला. याच सुमारास, १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. स्टेट्सन सैन्यात भरती होण्यास गेले. प्रकृतीच्या कारणावरून त्यांना परत पाठविण्यात आले. व्यवसाय बुडाला, सैन्याने नाकारले, आणि छातीतील दुखणे कायमच होते. अशा अवस्थेत त्यांनी कोलोरॅडोतील पाइक्स पीककडे सोन्याच्या शोधात निघालेल्या एका तांड्याची सोबत धरली.

याच प्रवासातील एक कथा स्टेट्सन यांच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. तांड्यातील लोकांनी शिकारीच्या कातड्यांचे तंबू शिवले होते. परंतु न कमावलेले कातडे पावसात भिजले की दुर्गंधी सुटे आणि वाळले की ते आक्रसे. स्टेट्सन यांनी कातड्यावरील लव काढली, फांदीला दोरी बांधून केलेल्या धनुकलीने ती पिंजली, तोंडाने पाण्याचे फवारे मारीत तिचा थर जमविला आणि शेकोटीवरील उकळत्या पाण्यात ती आटवून मऊ, उबदार फेल्ट तयार केले. सोबती चकित झाले. मग त्यांनी गंमत म्हणून स्वतःसाठी एक भलीमोठी हॅट केली. ऊन, पाऊस आणि वारा यांना तोंड देणारी ती हॅट एका घोडेस्वाराने पाहिली आणि पाच डॉलरचे सोन्याचे नाणे देऊन जागच्या जागी विकत घेतली. कथेत काळाच्या ओघात रंग भरला गेला असेल. परंतु तिच्यातील प्रत्येक कृती ऑरेंजच्या कारखान्यात शिकलेली आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ती अशक्य वाटत नाही.

सोने हाती लागले नाही. मोकळ्या हवेने प्रकृती मात्र सुधारली. मरावयास गेलेला माणूस १८६५ मध्ये पूर्वेकडे परतला आणि फिलाडेल्फिया शहरात त्याने एक लहानशी खोली भाड्याने घेतली. भांडवल १०० डॉलर. लवेची पहिली खरेदी १० डॉलरची. ज्या धंद्याने आपली छाती पोखरली असे वाटत होते, त्याच धंद्याकडे ते परतले होते. आरंभी त्यांनी शहरातील प्रचलित घाटाच्या हॅट केल्या. त्या चांगल्या होत्या, परंतु तशा इतरही करीत होते. शहरी बाबूला हॅट शोभेसाठी लागते. मैदानात गुरे वळणाऱ्याला ती जगण्यासाठी लागते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्या माणसासाठी हॅट करावयाची, असे त्यांनी ठरविले.

हीच ती प्रसिद्ध बॉस ऑफ द प्लेन्स, म्हणजे मैदानांचा धनी. सुमारे चार इंच उंचीचा, गोल, चुणी नसलेला माथा; तितकाच रुंद सपाट काठ; नैसर्गिक रंग; आणि बाहेरून एक साधी पट्टी. काठाने ऊन व पाऊस अडे, उंच माथ्यातील पोकळीने डोके थंड राही, आणि घट्ट फेल्टमुळे प्रसंगी तिच्यातून घोड्याला पाणीही पाजता येई. आपल्या शेतकऱ्याला पावसाळ्यात इरले किंवा घोंगडीची खोळ जशी, तशी ती त्या गुराख्याला होती. स्टेट्सन यांनी उधारीवर माल घेतला आणि पश्चिमेकडील व्यापाऱ्यांना नमुन्याची एकेक हॅट व मागणीचे पत्र धाडले. पदरचा पैसा नसताना केलेला हा जुगारच होता. थोड्याच दिवसांत मागण्या येऊ लागल्या. किंमत पाच डॉलरपासून पुढे, म्हणजे गुराख्याच्या मिळकतीच्या मानाने मोठीच. परंतु स्वस्त हॅट करून किमतीची स्पर्धा करण्यापेक्षा टिकाऊ हॅट करून नाव राखावे, हे धोरण त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही.

व्यवसाय वाढला, जागा अपुरी पडू लागली आणि कारखाना शहराच्या उत्तर भागात गेला. १८८६ च्या सुमारास तो जगातील सर्वांत मोठा हॅट कारखाना मानला जात होता. १९०६ पर्यंत तेथे वर्षाला जवळजवळ २० लाख हॅट तयार होत. कामगारांसाठी रुग्णालय, घरबांधणीसाठी कर्ज देणारी संस्था, रविवारची धर्मशाळा, नाताळच्या भेटी अशा सोयी त्यांनी केल्या. त्यामागे धर्मश्रद्धा होती, तसाच कामगार आपल्याकडे टिकावेत हा व्यवहारही होता. परंतु हॅटच्या धंद्यातील पारा अमेरिकेत १९४१ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर ३५ वर्षांनी बंद झाला. त्यांच्या काळातील या धंद्याच्या वैभवाकडे पाहताना ही गोष्ट विसरता येत नाही.

स्वतः फारसे न शिकलेल्या या गृहस्थाने शिक्षणासाठी मुक्तहस्ते दान केले. फ्लॉरिडा राज्यातील डीलँड येथे हेन्री डीलँड यांनी १८८३ मध्ये एक विद्यालय स्थापन केले होते. स्टेट्सन यांनी त्याला भरघोस साहाय्य केले आणि १८८९ मध्ये त्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. फ्लॉरिडातील पहिले विधी महाविद्यालय याच विद्यापीठात १९०० मध्ये सुरू झाले. त्याच डीलँडमधील आपल्या हिवाळी निवासस्थानी १८ फेब्रुवारी १९०६ रोजी, वयाच्या ७५ व्या वर्षी, स्टेट्सन यांचे निधन झाले. क्षयाने ज्यांना तरुणपणीच आटोपावयाचे होते, त्यांनी डॉक्टरांच्या भाकितानंतर अनेक दशके काम केले.

पुढे मोटारी आल्या, फॅशन बदलली आणि माणसे उघड्या डोक्याने हिंडू लागली. फिलाडेल्फियाचा कारखाना १९७० च्या सुमारास बंद पडला. स्टेट्सन नावाने हॅट करण्याचे काम त्यानंतर जेथे गेले, ते गाव होते सेंट जोसेफ, जेथे स्टेट्सन यांच्या विटा पुरात विरघळल्या होत्या. नंतर ते टेक्सासमधील गारलंड येथे गेले.

आज त्यांच्या जुन्या हॅट जमविणारे संग्राहक अमेरिकेत आणि अन्यत्रही आहेत. शीर्षकपृष्ठ फाटलेल्या पुस्तकाचा काळ ग्रंथपाल जसा कागद, टंक आणि बांधणी यांवरून ठरवितो, तसेच यांचे काम चालते. हॅटच्या आत कपाळाला लागणारी चामड्याची पट्टी असते. तिच्यावरील सोनेरी ठसा, तिच्यामागे दडलेली मापाची कागदी चिठ्ठी, अस्तरावरील मुद्रा, बाहेरील फितीची रुंदी आणि काठाची शिवण ही सारी साक्ष तपासली जाते. हॅट विकणाऱ्या दुकानाचे नाव छापलेले असेल, तर त्या गावाच्या जुन्या व्यापारी सूचीत ते दुकान कोणत्या वर्षांत होते, हे पाहतात. एक्स या अक्षराची संख्या प्रत दर्शविते. पण तिचा अर्थ काळानुसार बदलल्याने केवळ तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. पट्टी आणि फीत पुढे बदललेलीही असू शकते. म्हणून एका खुणेवरून वर्ष ठरवीत नाहीत. चार खुणा जुळाव्या लागतात.

स्टेट्सन यांनी हॅटचा माथा गोलच ठेवला होता. त्यावरील खळगे आणि चुण्या वापरणाऱ्यांनी आपापल्या प्रांताच्या रीतीप्रमाणे पाडल्या. आजही जुन्या हॅटला आकार देताना तीच रीत असते. किटलीच्या वाफेवर फेल्ट मऊ करावे, बोटांनी हलकेच चुणी घालावी आणि थंड होईपर्यंत हात लावू नये. उष्णता फार झाली तर चामड्याची पट्टी आक्रसते आणि हॅट लहान होऊन बसते. ठेवताना ती माथ्यावर उलटी ठेवावी, म्हणजे काठ बिघडत नाही. आणखी एक दक्षता आवश्यक आहे. १९४१ पूर्वीच्या फेल्टमध्ये पाऱ्याचा अंश आजही सापडतो. म्हणून अशी हॅट बंद खोलीत वाफवू नये, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. ऑरेंजमधील कारागिरांच्या कारखान्यात अशी खिडकी कोणी उघडली असती, तर कितीतरी हातांचा कंप टळला असता.