सरनौबत हंबीरराव मोहिते

सेनापतींच्या गोष्टी आपण ऐकतो त्या रणांगणावरच्या. हंबीरराव मोहिते मला आठवतात ते मात्र एका घरगुती पेचामुळे. म्हणूनच स्मरणिकेसाठी मी त्यांचे चरित्र निवडले.

त्यांचे मूळ नाव हंसाजी. गाव कऱ्हाडजवळचे तळबीड. बहीण सोयराबाई शिवाजीमहाराजांना दिलेली. १६७४ च्या फेब्रुवारीत नेसरीस प्रतापराव गुजर पडले आणि त्यानंतर सरनौबती हंसाजींकडे आली. पंचवीस बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, अशी घोडदळाची उतरंड. बारगिराचे घोडे सरकारी, शिलेदाराचे स्वतःचे. या सर्वांवर हुकूम सरनौबताचा.

३ एप्रिल १६८० रोजी महाराज गेले. थोरले पुत्र संभाजीराजे तेव्हा पन्हाळ्यावर होते. इकडे रायगडावर अण्णाजी दत्तो प्रभृती मंत्र्यांनी सोयराबाईंचे दहा वर्षांचे पुत्र राजाराम यांना गादीवर बसविले. मामा भाच्याची बाजू घेणारच, असा त्यांचा होरा असावा. पण हंबीररावांनी संभाजीराजांचा पक्ष धरला आणि मंत्र्यांनाच कैद करून त्यांच्यापुढे उभे केले.

बहिणीला काय वाटले असेल! माहेरच्या भावाचा आधार म्हणजे काय, हे भगिनींनो, तुम्हांला सांगावयास नको. पुढच्याच वर्षी सोयराबाईंचा दुःखद अंत झाला. मी पुष्कळ दिवस त्या भावाला मनातून दोष देत असे. परंतु औरंगजेब लवकरच दक्षिणेत उतरणार होता. फौज दोन भावांत वाटली गेली असती, तर पुढे कोणाचेच राज्य उरले नसते, हे ध्यानी आल्यावर माझा राग निवळला.

१६८१ च्या आरंभी हंबीररावांनी बुऱ्हाणपुरावर धाड घातली. १६८७ च्या डिसेंबरात वाईजवळ सर्जाखानाशी लढताना तोफेचा गोळा लागून ते पडले. लढाई मराठ्यांनी जिंकली. त्यांची समाधी तळबीडास आहे.

त्यांची कन्या ताराबाई त्याच राजारामांना दिलेली होती. वडील गेले तेव्हा ती बारा-एक वर्षांची पोर. १७०० मध्ये राजाराम निवर्तले आणि १७०७ मध्ये औरंगजेब मरेपर्यंत तिनेच स्वराज्याचा लढा चालविला. बापाने भाच्याला नाकारलेले राज्य पुढे त्याच भाच्यामागे लेकीने राखले. मला वाटते, कर्तव्यापुढे नाते बाजूस सारण्याचा धडा तिने माहेरीच घेतला असावा.