रॉजर मॅरिस आणि न छापलेली चांदणी

आपल्याकडे बेसबॉल पाहणारे थोडे, आणि समजणारे त्याहून थोडे. तरीही या अंकासाठी मी एका बेसबॉलपटूचे चरित्र निवडले आहे. ज्यांना खेळापेक्षा खेळावरील वाद अधिक प्रिय असतात, अशा मंडळींना ते परके वाटणार नाही. गावसकर मोठा की विश्वनाथ, या एका प्रश्नावर आमच्या वेळच्या वसतिगृहात मराठी आणि कन्नड मुलांनी किती रात्री जागवल्या याची गणती नाही. (वास्तविक ते दोघे एकमेकांचे मेहुणे. भांडत होतो ते आम्ही!) अशा वादात आकडे पुढे केले जातात, परंतु मनातला मानकरी आधीच ठरलेला असतो, आकडे मागाहून शोधले जातात. अमेरिकेत असाच एक वाद साठ वर्षांहून अधिक काळ रॉजर मॅरिस या माणसाच्या नावाभोवती चालला आहे. त्याला स्वतःला तो फार महाग पडला.

रॉजरचा जन्म १० सप्टेंबर १९३४ रोजी मिनेसोटा राज्यातील हिबिंग या खाणींच्या गावी झाला. घराणे क्रोएशियन वंशाचे, वडील रेल्वेत नोकरीला. बालपण गेले ते नॉर्थ डाकोटातील ग्रँड फोर्क्स आणि फार्गो या कडाक्याच्या थंडीच्या गावांत. शाळेत असताना तो अमेरिकन फुटबॉलमध्ये चमकला, पण पुढे बेसबॉलकडे वळला. १९५७ साली क्लीव्हलँडच्या संघातून तो मोठ्या स्पर्धेत उतरला, तेथून कॅन्सस सिटीला गेला आणि १९५९ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क यांकीज या बलाढ्य संघाने त्याला घेतले. पहिल्याच वर्षी, १९६० मध्ये, तो आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. स्वभावाने मितभाषी, काहीसा रोखठोक. वार्ताहरांना गोड बोलून खूश करणे त्याला कधी साधले नाही.

बेसबॉलमध्ये टोलवलेला चेंडू थेट मैदानाच्या कुंपणापलीकडे गेला, की तो होम रन. आपल्या षटकाराचा भाऊबंदच म्हणा. एका हंगामात सर्वाधिक म्हणजे ६० होम रनचा विक्रम बेब रूथने १९२७ साली केला होता. रूथ १९४८ साली वारला, पण अमेरिकेच्या मनात तो दैवतासारखा बसला होता. १९६१ च्या हंगामात यांकीजचे दोन फलंदाज या विक्रमाच्या मागे लागले. एक मिकी मँटल, लोकांचा लाडका, त्याच संघात वाढलेला. दुसरा रॉजर, बाहेरून आलेला. वर्तमानपत्रांनी दोघांत वैर रंगवले. प्रत्यक्षात त्या उन्हाळ्यात ते दोघे क्वीन्स भागातील एकाच घरात राहत होते! रॉजरच्या मागोमाग फलंदाजीला मँटल येत असे. त्यामुळे रॉजरला मुद्दाम फुकट सोडून देणे प्रतिस्पर्ध्यांना परवडत नसे, आणि त्या संपूर्ण हंगामात तसे एकदाही घडले नाही.

त्या वर्षी अमेरिकन लीगमधील संघ आठांचे दहा झाले, आणि प्रत्येक संघाचे सामने १५४ वरून १६२ वर गेले. रूथचा विक्रम १५४ सामन्यांच्या काळातला. जुलै महिन्यात बेसबॉलचे आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी निर्णय दिला, की १५४ सामन्यांनंतर विक्रम मोडल्यास त्याची नोंद वेगळ्या खुणेनिशी करावी लागेल. वार्ताहरांनी त्या खुणेला चांदणी म्हणून टाकले. आता हे फ्रिकसाहेब कोण? रूथच्या नावाने वर्तमानपत्रांत छापून येणारा मजकूर एके काळी हेच लिहून देत असत. शर्यत अर्ध्यावर आली असता धावपट्टीची लांबी बदलणारा पंच मला तरी निःपक्षपाती वाटत नाही.

सप्टेंबरात दडपण इतके वाढले, की रॉजरच्या डोक्यावरचे केस झुबक्याझुबक्यांनी गळू लागले. रोज सामन्याआधी आणि सामन्यानंतर वार्ताहरांचा गराडा. स्वतःच्याच मैदानावर प्रेक्षक त्याची हुर्यो उडवीत. रूथचा विक्रम मोडायचाच असेल, तर तो मँटलने मोडावा, असे त्यांना वाटे. पण मँटल ५४ वर अडला. सर्दीताप हटेना, म्हणून त्याने न्यूयॉर्कच्या मॅक्स जेकबसन या डॉक्टरांकडून इंजेक्शन घेतले. ते पिकले आणि कमरेजवळ गळू झाले. हे डॉक्टर नामवंतांना उत्तेजक द्रव्ये मिसळलेली इंजेक्शने देण्याबद्दल प्रसिद्ध होते, आणि १९७५ साली त्यांचा परवाना रद्द झाला. खेळाच्या आवारात औषधाची सुई कालपरवा आली असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

१५४ वा सामना बाल्टिमोरला, म्हणजे रूथच्या जन्मगावीच आला. तेथे रॉजरने ५९ वा होम रन मारला. साठावा काही होईना. तो २६ सप्टेंबरला झाला. आणि १ ऑक्टोबर १९६१ रोजी, हंगामाच्या अखेरच्या दिवशी, बोस्टनच्या ट्रेसी स्टॅलार्डचा चेंडू त्याने उजवीकडील प्रेक्षकांत भिरकावून दिला. एकसष्ट! साठ हजारांहून अधिक माणसे मावणाऱ्या यांकी स्टेडियममध्ये त्या दिवशी होती २३,१५४. सामनाही त्याच एका धावेने १-० असा जिंकला गेला. तो चेंडू एका तरुण ट्रकचालकाने झेलला.

गंमत अशी, की विक्रमांच्या पुस्तकात ती चांदणी कधी छापलीच गेली नाही. फक्त दोन वेगवेगळ्या ओळी छापल्या गेल्या. परंतु लोकांच्या तोंडी चांदणी राहिली ती राहिलीच. सामने मोजणाऱ्यांनी आणखी एक हिशेब पाहायला हवा होता. रूथला साठावा होम रन मिळाला तो ६८९ व्या वेळी फलंदाजीला आल्यावर, रॉजरला ६८४ व्या वेळी. पण हा हिशेब कोणाला हवा होता?

पुढची वर्षे उतरणीची. १९६२ साली ३३ होम रन करूनही तो अपयशी ठरवला गेला. १९६५ मध्ये हाताचे हाड मोडले, त्याचे निदान उशिरा झाले, आणि दुखण्याचे सोंग करतो असा बोल मात्र लागला. १९६७ मध्ये तो सेंट लुईसच्या संघात गेला, तेथे विजेतेपद मिळवले, आणि १९६८ अखेर खेळातून निवृत्त झाला. फ्लोरिडातील गेन्सव्हिल येथे त्याने बिअरच्या वितरणाचा धंदा केला. १९७८ पर्यंत तो यांकी स्टेडियमकडे फिरकला नाही. १९८४ साली संघाने त्याचा ९ हा क्रमांक सन्मानाने कायमचा राखून ठेवला. १४ डिसेंबर १९८५ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, लसिका ग्रंथींच्या कर्करोगाने तो गेला. दोन ओळींची एक ओळ झाली १९९१ साली.

एरवी चरित्र येथे संपले असते. पण १९९४ च्या संपाने बेसबॉलवर रुसलेले प्रेक्षक परत आणले ते १९९८ च्या होम रनांनी. मार्क मॅग्वायरने ७० मारले, सॅमी सोसाने ६६. विक्रम मोडला त्या दिवशी रॉजरची मुले मैदानात हजर होती, आणि मॅग्वायरने त्यांना मिठी मारली. २००१ मध्ये बॅरी बाँड्सने ७३ मारले. ३७ वर्षे ज्या ६१ ला कोणी शिवले नाही, ते चार हंगामांत सहा वेळा ओलांडले गेले. मग चर्चा सुरू झाली ती स्टिरॉइडची. ही औषधे स्नायूंची वाढ आणि थकल्या शरीराची भरपाई झपाट्याने घडवतात. १९९१ च्या एका परिपत्रकाने त्यांवर बंदी होती, परंतु तपासणीच नव्हती. दंडासह तपासणी आली २००४ मध्ये. २०१० साली मॅग्वायरने स्टिरॉइड घेतल्याची कबुली दिली, आणि रॉजरच्या पत्नीला फोन करून क्षमा मागितली. जाणूनबुजून घेतल्याचे बाँड्सने मात्र सतत नाकारले.

तेव्हापासून दर हंगामात रसिकांचा वाद रंगतो. एक पक्ष म्हणतो, ७३ हाच विक्रम, कारण आकडा तो आकडा. दुसरा म्हणतो, खरा विक्रम ६१ च. ज्या ६१ ला हिणवण्यात एक पिढी गेली, तेच पुढच्या पिढीने सोवळे म्हणून देव्हाऱ्यात ठेवले! आठ जादा सामन्यांसाठी चांदणी मागणाऱ्या खेळाने ७३ पुढे काही छापले नाही. छापावे असे मी म्हणत नाही. कोणी काय घेतले आणि त्याने चेंडू किती लांब गेला, याचा हिशेब छापखान्यात होत नाही. परंतु मापे दोन होती, एवढे कबूल करायला काय हरकत आहे?

२०२२ साली यांकीजच्याच आरन जजने ६२ मारले, आणि ६१ वर्षे टिकलेला रॉजरचा अमेरिकन लीगमधील विक्रम मोडला. जजने ६१ ची बरोबरी केली तेव्हा रॉजरचा मुलगा टोरोंटोच्या प्रेक्षागारात होता. जजच खरा विक्रमवीर, असे त्याने उघड सांगितले. बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात मॅग्वायर, सोसा, बाँड्स यांना प्रवेश मिळालेला नाही, तो औषधांच्या संशयामुळे. रॉजरलाही मिळालेला नाही; त्याच्यावर तर असला कोणताच आरोप नव्हता.

फार्गोला त्याच्या थडग्यावर एकसष्ट हा आकडा कोरलेला आहे, धावांचा आणि सालाचाही. त्याच गावातल्या एका बाजार-संकुलात १९८४ साली त्याच्या बॅटी, चषक आणि गणवेश मांडण्यात आले. जाता-येता कोणालाही पाहता यावे आणि तिकीट असू नये, ही अट त्याची स्वतःची.