हेन्री विर्झचे वकीलपत्र

गेल्या वर्षी आमच्या इतिहास मंडळाने अभिरूप न्यायालय भरवले. चिठ्ठ्या टाकून कामे वाटली गेली आणि माझ्या वाट्याला आरोपीचे वकीलपत्र आले. आरोपी हेन्री विर्झ. हा कोण, म्हणून सरांना विचारले तर त्यांनी ग्रंथालयाकडे बोट दाखवले. अमेरिकेचे यादवी युद्ध म्हणजे लिंकन आणि गुलामगिरी, एवढ्यावर आमची गाडी थांबलेली. तिकडे मात्र विर्झला नराधम म्हणणारे आजही आहेत आणि हुतात्मा मानणारेही आहेत.

विर्झ मूळचा अमेरिकन नव्हेच. १८२३ साली स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे एका शिंप्याच्या घरी तो जन्मला. डॉक्टर होण्याची फार हौस, पण घरची ऐपत नव्हती. म्हणून व्यापारात पडला. पैशाच्या व्यवहारात तुरुंग पाहिला, संसार मोडला, आणि १८४९ मध्ये त्याने अमेरिकेचा किनारा गाठला. तेथे कापडाच्या गिरणीत राबला, केंटकीत डॉक्टरांच्या हाताखाली राहून थोडीफार वैद्यकी शिकला, १८५४ मध्ये दोन मुली असलेल्या एका विधवेशी लग्न केले आणि पुढे लुइझियानात एका मळ्यावर नोकरीला लागला. १८६१ मध्ये युद्ध पेटले तेव्हा तो दक्षिणेच्या सैन्यात गेला. उजवा हात कायमचा अधू झाला. असा माणूस लढाईच्या कामाचा नाही, म्हणून युद्धकैद्यांची व्यवस्था पाहणाऱ्या जनरल विंडरकडे त्याची रवानगी झाली. एप्रिल १८६४ मध्ये जॉर्जिया राज्यातील अँडरसनव्हिल येथील तळाचा आतला बंदोबस्त त्याच्या हाती आला.

या तळाबद्दल जरा सविस्तर लिहिले पाहिजे. पाइनच्या ओंडक्यांची उंच भिंत आणि आत साडेसोळा एकर उघडी जमीन. छप्पर नाही, बराकी नाहीत. दहा हजार कैद्यांच्या हिशेबाने तो बांधला होता. जूनमध्ये दहा एकर वाढवले. पण ऑगस्टमध्ये आत तेहेतीस हजार माणसे होती. मी शेतकऱ्याचा मुलगा. मला एकराचा हिशेब गुंठ्यात केल्याशिवाय कळत नाही. गुंठ्याला एकतीस माणसे पडतात! त्यातही मधला भाग दलदलीचा. आतून एक ओढा वाहत होता. वरच्या अंगाला पहारेकऱ्यांची छावणी आणि मुदपाकखाना. त्यांची सारी घाण घेऊन तो आत शिरायचा. तेच पाणी प्यायचे, आणि खालच्या टोकाला त्याच ओढ्यावर शौचाला बसायचे. भिंतीपासून सुमारे एकोणीस फुटांवर हलक्या लाकडाचे कुंपण होते. त्याच्या पलीकडे जो पाऊल टाकील त्याला वरचा पहारेकरी गोळी घालीत असे. हगवण आणि स्कर्व्ही यांनी ऑगस्टात दिवसाला शंभराच्या आसपास माणसे मरत होती. चौदा महिन्यांत सुमारे पंचेचाळीस हजार कैदी तेथे आले. त्यांतले जवळजवळ तेरा हजार तेथेच पुरले गेले.

एवढी गर्दी का झाली? १८६२ पासून दोन्ही बाजू कैद्यांची अदलाबदल करीत असत. उत्तरेने कृष्णवर्णीयांना सैन्यात घेतले तेव्हा दक्षिणेने त्यांना युद्धकैदी मानायचे नाकारले, आणि १८६३ मध्ये अदलाबदल मोडली. तळ फुगण्यामागचे मोठे कारण हे होते, आणि ते विर्झच्या कुवतीबाहेरचे होते. बचावाच्या भाषणाचा पाया मी येथेच घातला. आणखीही बरेच हाती लागले. भाकरीच्या पिठात कोंडा फार आहे, त्याने हगवण वाढते, बादल्या नाहीत, अशा तक्रारी त्याने वरिष्ठांकडे लेखी केल्या होत्या. उत्तरेतही सगळे आलबेल नव्हते. न्यू यॉर्क राज्यातील एल्मायरा येथे दक्षिणेचे सुमारे बारा हजार कैदी होते, त्यांतले तीन हजारांच्या घरात मेले. तेथे अन्नधान्याची टंचाई नव्हती!

मे १८६५ मध्ये विर्झला अटक झाली. विंडर फेब्रुवारीतच मरून गेला होता. २३ ऑगस्टला वॉशिंग्टनमध्ये लष्करी न्यायमंडळापुढे खटला उभा राहिला. अध्यक्ष होते जनरल लू वॉलेस, पुढे ‘बेन हर’ कादंबरी लिहिणारे. लिंकनचा खून होऊन चार महिनेच झाले होते. तळावरून परतलेल्या हाडाच्या सापळ्यांची छायाचित्रे लोकांनी पाहिली होती. कोणाला तरी फासावर चढताना पाहायचे होते. विर्झ इतका आजारी की कोचावर पडून तो कामकाज ऐकत असे. दीडशेहून अधिक साक्षीदार झाले. खुनाचे तेरा आरोप ठेवले, पण आरोपपत्रात एकाही मृताचे नाव नव्हते. काही खून ज्या ऑगस्टातले सांगितले, त्यात तो बराच काळ आजारी रजेवर होता. स्वतःला लाफाएतचा वंशज म्हणवणारा सरकार पक्षाचा एक बिनीचा साक्षीदार पुढे तोतया, सैन्यातून पळालेला निघाला. तरीही शिक्षा झाली. १० नोव्हेंबर १८६५ रोजी ओल्ड कॅपिटल तुरुंगाच्या आवारात त्याला फाशी दिली. मान मोडली नाही, गुदमरून मेला. भोवतालचे सैनिक तळाच्या नावाचा गजर करीत होते. दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस दोन वर्षे कैदेत राहून सुटले. त्यांच्यावर खटला कधी चाललाच नाही.

हे सगळे मी भाषणात मांडले. तोतया साक्षीदाराचा भाग रंगवून सांगितला, त्यावर हशा पिकला. माझा अशील निर्दोष सुटला. प्राचार्यांनी पाठ थोपटली.

आता जे लिहितो ते त्या दिवशी सभागृहात बोललो नाही. माझ्या वहीत एक पान होते, ते मी मुद्दाम खोलीवर ठेवून गेलो होतो. विर्झच्या तळावर रोज हजेरी होई. गटात एखादा माणूस कमी भरला, की तो सापडेपर्यंत साऱ्या गटाचा त्या दिवसाचा शिधा बंद. हजेरीला न येणारा पुष्कळदा पळालेला नसे, खड्ड्यात मरून पडलेला असे. पळालेल्यांच्या मागे शिकारी कुत्री सोडीत. सापडलेल्याला खोड्यात अडकवीत, पायात लोखंडी गोळा घालीत. पीठ वाईट आले, माणसे जास्त आली, हे वरून आले हे खरे. पण तेच वाईट पीठ भुकेल्या माणसाच्या हातून एका दिवसापुरते काढून घेणे, हे कोणी वरून सांगितले होते? एल्मायराचे आकडे मी दोनदा वाचून दाखवले. हजेरीचा शब्दही काढला नाही.

सरकारी वकील झालेल्या माझ्या मैत्रिणीने या मुद्द्यावर प्रश्न विचारला होता. मी लष्करी शिस्त असे मोघम उत्तर देऊन बसलो, आणि वेळ संपल्याची घंटा झाली.

तेरा हजारांची नावे आज ठाऊक आहेत ती डोरेन्स अ‍ॅटवॉटर या तरुण कैद्यामुळे. तळाच्या इस्पितळात मृतांची नोंद ठेवण्याचे काम त्याच्याकडे होते. त्याने गुपचूप दुसरी प्रत केली आणि सुटताना बरोबर आणली. १८६५ च्या उन्हाळ्यात तो क्लारा बार्टन यांच्यासह परत तेथे गेला आणि यादीवरून थडग्यांवर नावे लागली. साडेचारशेच्या वर थडगी तेवढी अनामिक राहिली. त्याच गावात १९०९ मध्ये दक्षिणेतील स्त्रियांच्या एका संघटनेने विर्झचे स्मारक उभारले.

यंदा मंडळ हाच खटला पुन्हा उभा करणार असे ऐकतो. चिठ्ठ्या टाकू नयेत, मला सरकारी पक्ष द्यावा, असा अर्ज मी सरांकडे दिला आहे. पान वहीत परत लावले आहे.