इतिहासाचार्य राजवाडे

महाराष्ट्राच्या इतिहासाची साधने जमविण्यासाठी ज्यांनी आपले सर्व आयुष्य वेचले, अशा पुरुषांत विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांच्या जीवनात मांडलेला डाव अनेकदा मोडला. परंतु प्रत्येक वेळी त्यांनी नवे कार्य शोधले आणि त्याला स्वतःस वाहून घेतले. त्यांच्या आयुष्याची अखेर खानदेशात, पांझरा नदीच्या काठी वसलेल्या धुळे नगरीत झाली.

राजवाडे यांचा जन्म १८६३ साली कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात झाला. बालपणीच त्यांचे पितृछत्र हरपले. पुढे पुण्यास राहून त्यांनी विद्याभ्यास केला व डेक्कन कॉलेजातून बी. ए. ची पदवी मिळविली. ठरावीक पाठ्यपुस्तकांपेक्षा ग्रंथालयातील नाना विषयांच्या ग्रंथांत त्यांचे मन अधिक रमत असे. शिक्षण संपल्यावर पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांनी काही काळ अध्यापन केले. विवाह झाला होता, नोकरी लागली होती. चारचौघांसारखा संसार आता मार्गी लागणार असे वाटत होते.

परंतु तसे घडावयाचे नव्हते. विवाहानंतर थोड्याच वर्षांत त्यांच्या पत्नीचे निधन झाले. तरुण वयातच घर ओस पडले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. नोकरीही त्यांनी सोडून दिली. अशा प्रसंगी मनुष्य एक तर खचून जातो, किंवा मिळेल त्या विरंगुळ्यात दुःख विसरू पाहतो. राजवाडे यांनी निराळा मार्ग धरला. जगातील श्रेष्ठ विचार मराठी भाषेत यावेत, या हेतूने त्यांनी 'भाषांतर' नावाचे मासिक काढले आणि ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाचे मराठी भाषांतर केले. तथापि, हे मासिक काही वर्षे चालून बंद पडले. संसारापाठोपाठ हाही उद्योग संपला.

याच सुमारास वाई येथे त्यांना जुन्या पत्रांचा एक मोठा संग्रह पाहावयास मिळाला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतचा घोर संग्राम झाला. त्यापूर्वीच्या दहा-अकरा वर्षांतील राजकारणाचा वृत्तांत त्या पत्रांत होता. मराठ्यांचा इतिहास त्या काळी लोक मुख्यतः ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या ग्रंथावरून वाचीत. येथे मात्र प्रत्यक्ष लढणाऱ्यांची व कारभार करणाऱ्यांची अक्षरे समोर होती. असे किती कागद गावोगावच्या वाड्यांत वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडत असतील, या विचाराने राजवाडे अस्वस्थ झाले. कागद एकदा नष्ट झाला की त्यातील इतिहास कोणत्याही उपायाने परत येत नाही, हे त्यांनी ओळखले. आपल्या उरलेल्या आयुष्याचे काय करावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांना तेथे मिळाले.

१८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्यानंतरची वीस वर्षे त्यांनी अखंड भ्रमंती केली. गावी जावे, जुन्या घराण्यांचा शोध घ्यावा, आपला स्वयंपाक आपणच करावा आणि दिवसभर मोडी कागद वाचून त्यांच्या नकला कराव्यात, असा त्यांचा क्रम असे. कागद दाखविण्यास लोक सहजी तयार होत नसत. आपली दप्तरे परक्याच्या हाती गेली तर वतनाला धोका पोहोचेल, अशी कित्येकांना भीती वाटे. अशांची समजूत घालून, प्रसंगी रिकाम्या हाताने परतून, पुन्हा त्याच दारी जाऊन त्यांनी हजारो कागद मिळविले. या साधनांचे एकूण २२ खंड प्रसिद्ध झाले.

हे काम एका माणसाच्या आयुष्यात पुरे होणारे नाही, हे जाणून ७ जुलै १९१० रोजी सरदार मेहेंदळे यांच्या साह्याने त्यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. परंतु राजवाडे यांचा स्वभाव तापट व मते अत्यंत आग्रही होती. पुढे सहकाऱ्यांशी मतभेद झाले आणि आपण स्वतः उभारलेली संस्था सोडून ते बाहेर पडले. वय उताराला लागले होते. घर नव्हते, मूलबाळ नव्हते आणि हाती घडविलेली संस्थाही आता आपली राहिली नव्हती.

आयुष्याच्या या अखेरच्या पर्वात धुळे हे त्यांचे आश्रयस्थान झाले. समर्थ रामदासांच्या वाङ्मयाचे संशोधक शंकर श्रीकृष्ण देव यांच्यामुळे तेथे जुन्या ग्रंथांविषयी आस्था निर्माण झालेली होती. येथे राजवाडे यांनी आपल्या शोधाची दिशा पालटली. जेथे लिहिलेला कागद मिळत नाही, तेथे लोकांच्या तोंडचा शब्द हाच पुरावा मानावा, अशी त्यांची दृष्टी होती. मराठीतील धातू, माणसांची व गावांची नावे यांची व्युत्पत्ती शोधण्यात ते गढून गेले. साठीच्या आसपास, १९२२ साली त्यांनी 'राधामाधवविलासचंपू' हे शहाजीराजांच्या काळावर प्रकाश टाकणारे काव्य, आणि १९२४ साली उत्तर कोकणची 'महिकावतीची बखर', हे ग्रंथ विस्तृत प्रस्तावनांसह प्रसिद्ध केले.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे राजवाडे यांचे देहावसान झाले. मागे धनदौलत नव्हती; होती ती कागदपत्रे, टिपणे आणि अपुरे राहिलेले लेखन. ही ठेव विखुरली असती, तर त्यांचे शेवटचे श्रम व्यर्थ गेले असते. परंतु भास्कर वामन भट यांनी व धुळ्यातील इतर विद्याप्रेमी नागरिकांनी ती जबाबदारी आपली मानली. १९२७ साली तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. राजवाडे यांचा मराठी धातुकोश पुढे याच मंडळाने प्रसिद्ध केला.

राजवाडे यांची काही मते व कित्येक व्युत्पत्ती पुढील अभ्यासकांना मान्य झाल्या नाहीत. तथापि, त्या तपासून पाहण्याची साधनेही पुष्कळ अंशी त्यांनीच मिळवून दिलेली आहेत. संसार मोडला, मासिक थांबले, संस्था सुटली. तरी दुसऱ्या दिवशी उचलावयाचे काम त्यांच्यापाशी नेहमीच असे. जे गेले त्याचा शोक करीत बसण्यापेक्षा जे नष्ट होऊ पाहत आहे ते वाचवावे, हाच त्यांच्या चरित्राचा बोध होय.